कुत्र्याच्या कानातले माइट्स: ओळखायचे कसे, घालवायचे कसे

कुत्रा सारखा डोकं झटकतोय, मागच्या पायाने कान खाजवतोय, आणि कानाची पाळी उलटून पाहिली तर आत काळपट मळ. एवढं दिसलं की बहुतेक घरांत निदान तिथल्या तिथे होतं: कानात किडे झाले. कुणीतरी ड्रॉप्सचं नाव सुचवतं, चार दिवस ते घातले जातात, खाज उतरते आणि बाटली फडताळात जाते. दोन-तीन आठवड्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यात दोन गोष्टी राहून जातात. माइट्स खरोखर होते का, हे कुणी पाहिलेलं नसतं. आणि ते असलेच, तर चार दिवसांच्या औषधाने त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून आधी माइट स्वतः पाहा किंवा डॉक्टरांकडून पाहून घ्या, मगच औषधाला हात लावा, आणि औषध सुरू केलं की ते तीन आठवड्यांच्या पलीकडे न्या. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला हे सगळं जमावं, अशा बेताने पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

आधी थोडी ओळख

कानातला माइट हा आठ पायांचा जीव आहे, गोचिडाचा आणि कोळ्याचा नातलग. शास्त्रीय नाव ओटोडेक्टिस सायनोटिस. लांबी साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे नजर तीक्ष्ण असेल तर पांढरा ठिपका दिसतो, नाहीतर भिंग लागतं. तो कातडीत बीळ करत नाही आणि गोचिडासारखा एका जागी चिकटूनही बसत नाही. कानाच्या नळीत कातडीवर फिरत राहतो आणि मळ, मेलेली त्वचा, झिरपणारा स्राव यांवर जगतो. त्याच्या वावराने कातडी चिडते आणि सुजते. चिडलेला कान जास्त मळ तयार करतो आणि त्याच मळावर माइट्सची पुढची पिढी पोसली जाते.

मादीने घातलेलं अंडं साधारण ४ दिवसांत फुटतं. त्यातून सहा पायांची अळी निघते, मग दोन मधल्या अवस्था, मग प्रौढ माइट. अंड्यापासून इथवर यायला सुमारे ३ आठवडे लागतात. प्रौढ माइट पुढे जवळजवळ २ महिने जगू शकतो. बरीचशी औषधं हिंडत्या-फिरत्या माइट्सना मारतात, पण अंड्यांना त्यांचा धक्का लागत नाही. पहिल्या आठवड्यात कुत्रा शांत झाला म्हणून तुम्ही थांबलात, तर उरलेली अंडी त्यांच्या वेळेप्रमाणे फुटतात.

लागण होते ती अंगाला अंग लागून. आईकडून पिल्लांना, एकत्र झोपणाऱ्या कुत्र्यांमध्ये एकमेकांना, आणि मांजराकडून कुत्र्याला. मांजर हा या माइटचा फार आवडता यजमान आहे. मांजरांच्या कानाच्या दाहात निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा मूळ कारण हेच असतं. कुत्र्यांत मात्र हे प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या घरात सांगितलं जातं. म्हणजे पाच वर्षांचा, घरात एकटाच वाढलेला, मांजराशी संबंध नसलेला कुत्रा कान खाजवत असेल, तर माइट्सवर शंका घ्यायला हरकत नाही, पण ती शेवटून. तीन महिन्यांचं पिल्लू नुकतंच आठ-दहा भावंडांतून किंवा निवारा केंद्रातून घरी आलं असेल, तर शंका पहिली माइट्सवर.

माइट्स कानात असले की काय होतं, हे एका माणसाने स्वतःवर करून पाहिलं आहे. अमेरिकेतले पशुवैद्य रॉबर्ट लोपेझ यांनी मांजराच्या कानातले माइट्स काढून स्वतःच्या कानात सोडले. एकदा नव्हे, तीनदा. कानात खरवडल्याचे, हालचालीचे आवाज त्यांना ऐकू येत, खाज असह्य होई आणि रात्री सगळा गोंधळ वाढे. १९९४ साली या प्रयोगासाठी त्यांना कीटकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या पण विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. हसून झालं की एवढं ध्यानात घ्या: रात्री उठून कान खाजवणारा कुत्रा नखरे करत नसतो. माणसाला या माइट्सची लागण सहसा होत नाही. झालीच तर प्राण्याला कुशीत घेणाऱ्याच्या हातावर खाजणारे बारीक फोड येतात आणि प्राणी बरा झाला की तेही जातात.

पायरी १: कान नीट बघा, आणि वास घ्या

दिवसाच्या उजेडात बसा. कुत्र्याला खाऊ देऊन शांत करा, दुसऱ्या कुणाला तरी त्याची मान हलकेच धरायला सांगा. मग पाळी वर उचलून आधी बाहेरचा भाग पाहा: पाळीच्या मागे, कानाच्या बुडाशी केस गेलेत का, नखांचे ओरखडे आहेत का, खपल्या आहेत का. त्यानंतर आतली बाजू. शेवटी नाक जवळ नेऊन वास घ्या. हे करायला लोक संकोचतात, पण कानाचं दुखणं ओळखायला वासाइतकं फुकटचं आणि भरवशाचं साधन दुसरं नाही.

निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो. थोडासा पिवळसर मळ चालतो, खास असा वास येत नाही, आणि हात लावला तर कुत्रा फारशी कुरकुर करत नाही. दोन्ही कान पाहा, एकच खाजवत असला तरी. आज निरोगी असेल तर आजच पाहून ठेवा, म्हणजे उद्या बिघडलेला कान वेगळा दिसेल.

पायरी २: मळ काय सांगतोय ते ओळखा

माइट्सचा मळ गडद तपकिरी ते काळा, कोरडा, रवाळ असतो. कॉफी गाळल्यावर खाली राहणाऱ्या चोथ्यासारखा. बहुधा दोन्ही कानांत असतो आणि खाज त्या मळाच्या मानाने फार जास्त असते. काही कुत्र्यांना माइट्सची ॲलर्जीच असते. त्यांच्या कानात मोजके माइट्स असतात, पण खाजवून खाजवून कान रक्तबंबाळ होतो. उलट काही कान काळ्या मळाने गच्च भरलेले असतात आणि प्राणी मजेत असतो. मांजरांत हा दुसरा प्रकार बराच दिसतो.

आता गोंधळ कुठे होतो ते. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) कानात वाढलं तरी मळ तपकिरीच येतो. पण तो तेलकट, बोटाला चिकटणारा असतो आणि त्याला आंबूस वास असतो. कातडी लाल आणि जाडसर होते. प्रौढ कुत्र्याच्या कानात काळपट मळ दिसला की माझी पहिली शंका यावर असते, आणि यीस्टच्या मागे बहुतेकदा ॲलर्जी दडलेली असते. असा कुत्रा पंजेही चाटतो, पोट किंवा काखा खाजवतो, आणि कानाचं दुखणं वर्षातून दोन-चारदा उलटतं. जिवाणूंचा संसर्ग असला तर स्राव पिवळा किंवा हिरवट, ओला, पुवाळलेला असतो आणि वास नाकात बसतो. गवतात धावून आल्यावर अचानक एकाच कानाच्या त्रासाने वेड्यासारखं डोकं झटकायला सुरुवात झाली, तर आत गवताचं कुसळ गेलं असण्याची शक्यता मोठी.

पाळीच्या कडेला खपल्या, कोपरांवर आणि पोटावर पुरळ आणि अंगभर खाज असेल, तर तो दुसऱ्या माइटचा, म्हणजे खरजेचा, मामला असू शकतो. पाळीची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली आणि त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवायला उठला, तर खरजेचा संशय बळावतो. खरूज माणसालाही त्रास देते, म्हणून ती लवकर दाखवलेली बरी. कानात गोचीड असेल तर ती डोळ्यांना दिसते. आणि पांढऱ्या, वळवळणाऱ्या, सहज दिसणाऱ्या अळ्या असतील तर ते माइट्स नव्हेत. माशीने जखमेत अंडी घातली आहेत. तिथे घरगुती काहीही न करता कुत्र्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

हे प्रकार एकमेकांत मिसळतातही. माइट्समुळे कान बिघडला की त्यात यीस्ट आणि जिवाणू शिरकाव करतात, आणि मग कोरडा काळा मळ ओला आणि वासाचा होतो. म्हणून नुसत्या मळाच्या रंगावर औषध ठरवू नये.

पायरी ३: काळ्या कागदाची परीक्षा

ही घरी करता येते आणि पाच मिनिटं लागतात. कापसाच्या बोळ्याने कानाच्या तोंडाशी असलेला थोडा मळ टिपून घ्या. बोट जाईल तेवढंच आत, त्यापुढे नाही. तो मळ काळ्या कागदावर झटका आणि पसरवा. वर टेबलाचा दिवा धरा, हातात भिंग घ्या आणि एक-दोन मिनिटं हलू नका. श्वासाने कागद हलला तरी फसायला होतं. माइट्स असतील तर टाचणीच्या टोकाहून बारीक पांढरे ठिपके दिसतात, आणि दिव्याची ऊब लागली की त्यातला एखादा सरकू लागतो. कोंडा पांढरा असतो, पण चालत नाही.

मोबाइलचा कॅमेरा झूम करून व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना दाखवायलाही बरा. ठिपका सरकताना दिसला तर शंका जवळजवळ मिटली. दिसला नाही, तर मात्र माइट्स नाहीत असं म्हणता येत नाही. ते आत खोल असतात, आणि ॲलर्जीवाल्या कुत्र्यांत तर संख्येनेच कमी असतात.

पायरी ४: डॉक्टरांकडे जाण्याआधी कान धुऊ नका

स्वच्छ कुत्रा दाखवायला न्यावा असं सगळ्यांना वाटतं, आणि त्यात पुरावा धुऊन जातो. भेटीच्या आधी दोन दिवस कान जसा आहे तसा राहू द्या. औषधही घालू नका.

तिथे काय व्हायला हवं, हे माहीत असलेलं बरं. डॉक्टर आधी ओटोस्कोपने, म्हणजे कानात पाहायच्या दिव्याच्या उपकरणाने, आत पाहतात. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, आणि पडदा त्या वळणापलीकडे असतो. बाहेरून बॅटरी मारून तो कधीच दिसत नाही. ओटोस्कोपच्या प्रकाशात कधी कधी माइट्स फिरतानाच दिसतात. त्यानंतर मळाचा नमुना खनिज तेलाच्या थेंबात मिसळून मायक्रोस्कोपखाली पाहतात. तिथे माइट्स, त्यांची अंडी, सगळं मोठं आणि स्पष्ट दिसतं. विचारलंत तर बहुतेक डॉक्टर तुम्हालाही बघू देतात. ती संधी सोडू नका, कारण एकदा ते पाय हलताना पाहिले की पुढे औषध चुकवायची इच्छा होत नाही. दुसरा नमुना रंगवून यीस्ट आणि जिवाणूंसाठी पाहतात. माइट्स सापडले तरी हा दुसरा नमुना हवाच, कारण संसर्गाला वेगळं औषध लागतं.

कोणताही नमुना न पाहता ड्रॉप्स लिहून दिले जात असतील, तर नम्रपणे विचारा: ‘एकदा मायक्रोस्कोपखाली बघता येईल का?’ हा प्रश्न विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

तुमच्याकडूनही डॉक्टरांना काही माहिती हवी. कुत्र्याचं वय आणि वजन. जात, विशेषतः कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड किंवा त्यांचा संकर असेल तर. कधी फिट आली होती का. मादी गाभण किंवा पिलांना पाजणारी आहे का. घरात आणखी कोणते प्राणी आहेत. आणि आतापर्यंत कानात काय काय घातलं गेलं आहे. हे शेवटचं लपवू नका. तेल, लिंबू, जुने ड्रॉप्स, जे घातलं असेल ते सांगून टाका.

काही लक्षणं दिसली तर भेटीची वाट पाहायची नसते. मान सतत एका बाजूला कललेली, चालताना तोल जातो, बुबुळं झटके देत हलतात, हाक ऐकू येत नाही, किंवा चेहऱ्याची एक बाजू लोंबते, तर दुखणं पडद्याच्या आत गेलं असू शकतं. पाळी अचानक फुगून गरम, मऊ झाली, तर जोरात डोकं झटकून आतली रक्तवाहिनी फुटली आणि रक्त साठलं असं समजा. ती फुगी घरी सुईने फोडायची नाही. ती पुन्हा भरते आणि वर जंतूही जातात.

पायरी ५: कान साफ करणं

मळाचा थर तसाच असेल तर कानात घातलेलं औषध त्या थरावरच बसतं, खाली पोचत नाही. म्हणून साफसफाई आधी. मात्र पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पाहिल्यानंतरच, आणि त्यांनी सांगितलेल्या क्लीनरनेच. पडदा फाटलेला असेल तर काही क्लीनर आणि काही प्रतिजैविकं आतल्या कानापर्यंत जाऊन कायमचा बहिरेपणा आणू शकतात. म्हणूनच मागच्या वर्षीची उरलेली बाटली वापरायची नसते.

हे काम न्हाणीघरात किंवा अंगणात करा, भिंतींची काळजी असेल तर. क्लीनरची बाटली आधी मुठीत किंवा कोमट पाण्यात धरून ऊब आणा. थंड द्रव कानात गेला की कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच पलंगाखाली जातो. पाळी सरळ वर धरा, म्हणजे नळीची उभी बाजू मोकळी होते. बाटलीचं तोंड कातडीला न लावता कान भरेल इतका द्रव सोडा. मग पाळी न सोडता कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे बोटांना नळीसारखा टणक भाग लागतो, तो अंगठा आणि बोटांत धरून अर्धा मिनिट हलकेच चोळा. आतून पचपच असा आवाज यायला हवा. तो आला म्हणजे द्रव खाली पोचला. पुष्कळ कुत्र्यांना हा भाग आवडतो आणि ते डोळे मिटून मान टेकवतात.

आता पाळी सोडा आणि मागे सरका. कुत्रा डोकं झटकेल आणि खालचा मळ वर येईल. तो कापसाने किंवा गॉजने टिपून घ्या, बोट गुंडाळून, बोट जाईल तेवढंच. इअरबड वापरू नका. तो मळ बाहेर काढण्याऐवजी वळणापाशी खाली ठासतो, आणि ऐनवेळी कुत्र्याने मान वळवली तर पडद्यालाही लागू शकतो. पहिल्या दिवशी कापूस काळा येतच राहतो. तो पांढरा होईपर्यंत घासत बसायचं नाही. दोनदा भरा, दोनदा टिपा, बाकी पुढच्या वेळी. किती दिवसांनी साफ करायचं ते डॉक्टर सांगतील. रोजच्या रोज केलं तर कातडी ओलसर राहून यीस्टला बरं वाटतं.

हात लावताच कुत्रा ओरडत असेल किंवा चावायला येत असेल, तर थांबा. इतक्या दुखऱ्या कानाची सफाई दवाखान्यात, गुंगी देऊन होते, आणि त्याच वेळी आतपर्यंत नीट पाहूनही होतं.

पायरी ६: औषध

पूर्वी माइट्ससाठी कानात रोज थेंब घालायचे आणि ते तीन-चार आठवडे चालवायचे, हीच पद्धत होती. ती चालते, पण माणसं कंटाळतात, कुत्रा पळतो आणि मधले दिवस गळतात. आता दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, मानेच्या मागे कातडीवर टाकायचं स्पॉट-ऑन औषध, ज्यात सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असतं. दुसरा, आयसोक्झाझोलिन गटातल्या गोळ्या: ॲफोक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर, लोटिलॅनर. यातली कुठली गोळी कानातल्या माइट्ससाठी अधिकृत आहे हे देशागणिक बदलतं. काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच्या अनुभवावरून ती देतात. ही औषधं रक्तातून किंवा कातडीतून सर्वत्र पोचतात. त्याचा फायदा असा की कानातून निघून शेपटीच्या बुडाशी किंवा मानेवर जाऊन बसलेले माइट्सही मरतात. नुसत्या ड्रॉप्सना ते जमत नाही. शिवाय ही औषधं आठवडे टिकतात, म्हणून अंडी फुटून बाहेर पडणाऱ्या पिढीलाही गाठतात. माझं मत विचाराल तर नवख्या माणसाने स्पॉट-ऑन किंवा गोळी मागावी, आणि ड्रॉप्स कानातल्या संसर्गासाठी डॉक्टरांनी वेगळे दिले तर तेवढेच घालावेत.

स्पॉट-ऑन टाकताना केस दोन बाजूंना सारून कातडी उघडी करा आणि नळी थेट कातडीवर रिकामी करा. केसांवर टाकलेलं औषध वाया गेलं. जागा अशी निवडा की कुत्र्याची जीभ पोचणार नाही. वाळेपर्यंत मुलांना आणि दुसऱ्या प्राण्यांना लांब ठेवा. अंघोळ कधी घालायची ते पाकिटावर लिहिलेलं असतं. पिल्लांसाठी किमान वय आणि वजनही तिथेच असतं. ते अंदाजाने पुढेमागे करू नका.

सावध राहायच्या जागा तीन. कोली आणि त्याच्या नात्यातल्या जातींत एमडीआर१ या जनुकातला बदल आढळतो. त्यामुळे आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध मोठ्या मात्रेत मेंदूपर्यंत पोचतं आणि जीव धोक्यात येतो. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचणं कोणत्याच जातीत करू नये, या जातींत तर नाहीच. दुसरं, फिट येणाऱ्या कुत्र्यांना आयसोक्झाझोलिन गोळ्या देताना जपावं लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली याबद्दल इशारा दिला होता. निरोगी कुत्र्यांत ही औषधं मोठ्या प्रमाणावर सुरक्षितपणे वापरली जातात, पण इतिहास सांगायला हवा. तिसरं, कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराला विषारी आहे. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं उरलेलं स्पॉट-ऑन तिला लावायचं नाही, आणि परमेथ्रिन लावलेला कुत्रा वाळायच्या आत तिच्याशेजारी झोपवायचाही नाही.

ड्रॉप्स दिलेच असतील तर सफाईनंतर कान कोरडा व्हायला थोडा वेळ द्या, बाटली कोमट करा, सांगितले तेवढे थेंब सोडा, बूड चोळा आणि जमेल तितका वेळ डोकं धरून ठेवा. थेंब झटकून भिंतीवर गेले तर ते दिले असं धरू नका.

पायरी ७: घरातल्या सगळ्यांना, एकाच दिवशी

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. खाजवणारा कुत्रा बरा होतो, आणि न खाजवणारं मांजर किंवा दुसरा कुत्रा माइट्स सांभाळून बसलेला असतो. आठवड्याभरात ते परत. लक्षणं असोत नसोत, घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला, आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) असेल तर त्यालाही, त्याच दिवशी औषध द्यायचं, प्रत्येकाला त्याच्या जातीसाठीचं आणि वजनाप्रमाणे.

अंथरुणाबाबत घाबरून घर डोक्यावर घ्यायची गरज नाही. माइट्सचं सगळं आयुष्य प्राण्याच्या अंगावर जातं. बाहेर ते थोडेच दिवस तग धरतात, हवा दमट आणि थंड असेल तर जास्त, तरी साधारण दोन आठवड्यांच्या आतच. पांघरुणं, गादीची खोळ, कापडी खेळणी गरम पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, ब्रश आणि पट्टा धुवा, सोफा आणि गालिचा व्हॅक्यूम करा. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे आठवड्यातून एकदा केलं तरी पुरे. घरात कीटकनाशकं फवारायची गरज बहुधा नसते.

घरगुती उपायांचं काय

तेलाने माइट्स गुदमरतात, हे पूर्ण खोटं नाही. पण अंडी वाचतात, कानाबाहेरचे माइट्स वाचतात, आणि तेल रोज, आठवडेच्या आठवडे घालावं लागतं. तेवढ्या वेळात तेलकट ओला कान यीस्टला आयता मिळतो. व्हिनेगर, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड हे ओरखडलेल्या कातडीला झोंबतात. एकदा झोंबलं की कुत्रा पुढे कानाला हात लावू देत नाही, आणि खऱ्या उपचाराची वाट तिथेच बंद होते. टी ट्री तेल तर कुत्र्यांना आणि त्याहून जास्त मांजरांना विषबाधा करू शकतं. लसणाचा अर्क कानात घालायची कल्पनाही सोडून द्या. माइट्सचं आजचं औषध इतकं सोपं आहे की या खटाटोपाला खरं तर निमित्तच उरलेलं नाही.

पायरी ८: दिनदर्शिकेवर खूण करा

औषध दिलं ती तारीख लिहा. खाज साधारण काही दिवसांत कमी होऊ लागते, पण चिडलेली कातडी पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यात कुत्रा अधूनमधून खाजवताना दिसला तर लगेच औषध फसलं असं समजू नका. पहिल्या तारखेपासून तीन-चार आठवड्यांवर फेरतपासणीची खूण करा आणि कुत्रा ठणठणीत दिसला तरी जा. पुन्हा नमुना मायक्रोस्कोपखाली जायला हवा. स्पॉट-ऑनचा दुसरा डोस महिन्याने सांगितला असेल, तर तो याच भेटीच्या सुमारास येतो.

फेरतपासणीत माइट्स आहेतच असं निघालं, तर औषध बदलण्याआधी घरातला कुठला प्राणी सुटला ते शोधा. शेजारचं मांजर रोज दुपारी याच्याच गादीवर येऊन झोपत असेल, तर तेही विचारात घ्या. माइट्स नाहीत पण कान अजून लाल आहे आणि खाज आहे, असं निघालं, तर माइट्सचा विषय तिथे संपला. आता यीस्ट, जिवाणू आणि त्यामागची ॲलर्जी यांचा शोध घ्यायचा, आणि माइट्सचं औषध आणखी एक महिना वाढवून पाहू हा मोह टाळायचा. कानावर वारंवार दुखणं येणाऱ्या कुत्र्यात आहाराची चाचणी, त्वचेची तपासणी, थायरॉइड असा क्रम डॉक्टर लावतात. त्याला महिने लागू शकतात.

मांजरं किंवा बाहेरची कुत्री यांच्यात मिसळणाऱ्या कुत्र्याला गोचीड-पिसवांसाठी दर महिन्याला औषध देत असाल, तर ते कानातल्या माइट्सवरही चालतं का, एवढं डॉक्टरांना विचारून ठेवा. वर सांगितलेल्या घटकांपैकी एखादा त्यात असेल तर वेगळं काही द्यावं लागत नाही. फक्त तारखा चुकवायच्या नाहीत, आणि आठवड्यातून एकदा कान उचलून वास घ्यायचा.